बी-बाराच्या भावात

आपल्या वऱ्हाडात नवा माणूस भेटला की गाव कोणतं, वावर किती आणि जावई कुठं नोकरीला, एवढं विचारलं की ओळख पुरी व्हायची. आता चौथा प्रश्न सुरू झाला आहे. "तुम्ही दूध घेता ना, भाऊ?"

कारण अमरावतीच्या साईनगरात काय किंवा अकोल्याच्या जठारपेठेत काय, पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारं एखादं पोट्टं दिवाळीला व्हेगन होऊन घरी येतं. मटण नको, अंडं नको, इथवर माय खूश असते. पोट्टं सुधारलं म्हणून शेजारीही सांगून येते. मग पोट्टं यादी वाढवतं. दूध नको, दही नको, तूप नको, मधही नको. माय पदर तोंडाला लावते. पुरणपोळी तुपाशिवाय? गिलावडा दह्याशिवाय? आणि घरच्याच पोराला चहा विचारायचा नाही?

"अवं माय, मंग हा खाते काय?"

तुमची सासू खात होती तेच खातो, बाई. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. वऱ्हाडातला मजूर माणूस पिढ्यानपिढ्या वर्षातले बहुतेक दिवस असाच जेवला. त्याला कोणी व्हेगन म्हटलं नाही आणि त्यानं ताटाचा फोटो काढला नाही, एवढंच. इंग्लंडात डोनाल्ड वॉटसननं चार मंडळी जमवून व्हेगन सोसायटी काढली ती १९४४ मध्ये. आपल्याकडे ती त्याच्या कितीतरी आधीपासून होती. फक्त सभासदत्व सक्तीचं होतं आणि सोसायटीचं नाव गरिबी होतं.

*

व्हेगन माणसाला लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "प्रोटीन कुठून घेता?"

हा प्रश्न अकोल्यात विचारला जातो. ज्या गावच्या डाळ मिलांमधून तूरडाळ देशभर जाते त्या गावात! ज्वारीत लायसिन कमी असतं, तुरीत ते भरपूर असतं. दोन्ही एका ताटात आलं की काम भागतं. आजीला लायसिन माहीत नव्हतं, पण भाकरीबरोबर वरण वाढायचं हे माहीत होतं. तेव्हा प्रोटीनची काळजी जिमवाल्या डब्यांच्या दुकानदारांवर सोडावी. त्यांचं घर त्यावर चालतं.

विचारायचा प्रश्न दुसराच आहे. बी-१२ कुठून घेता? तो कोणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर विचारणाऱ्याकडेही नसतं.

बी-१२ कोणतीही वनस्पती बनवत नाही. आणि कोणताही प्राणीही बनवत नाही. ते बनवतात फक्त सूक्ष्मजीव. गाई-म्हशीच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात राहणारे सूक्ष्मजीव चाऱ्यातून आलेलं कोबाल्ट वापरून ते तयार करतात आणि मग ते तिच्या मांसात, दुधात उतरतं. म्हणजे दूधवाले ज्या गुणावर छाती फुगवतात, त्यात गाईचं कर्तृत्व एवढंच की तिनं पोट भाड्यानं दिलं.

असे भाडेकरू माणसाच्या पोटातही आहेत. पण ते राहतात मोठ्या आतड्यात आणि बी-१२ शोषलं जातं त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटाला. गिऱ्हाईक बडनेऱ्याच्या फलाटावर उभं आणि माल गाडीत चढतो अकोल्याला. मुंबईकडे निघालेली गाडी काही मागे येत नाही. ससा हा घोटाळा स्वतःची लेंडी खाऊन मिटवतो. ती पाककृती अजून कोणत्या व्हेगन इन्फ्लुएन्सरनं टाकलेली नाही.

गरज किती? दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्राम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा आणि त्यातले दोन-अडीच उचला. एवढ्याशा वस्तूचा साठा यकृतात काही वर्षं पुरतो, आणि घात होतो तो याच उदारपणामुळे. दूध सोडल्याच्या पहिल्या वर्षी माणूस टवटवीत दिसतो, वजन उतरतं, पोट साफ राहतं आणि तो सगळ्या सोयऱ्यांना ज्ञान वाटत फिरतो. तीन-चार वर्षांनी तळपायाला मुंग्या येतात, जीभ लालबुंद होते, गाडीची चाबी कुठं ठेवली ते आठवत नाही. तोवर ज्ञान वाटून झालेलं असतं.

त्यात पालेभाज्या आणि डाळींत फोलेट भरपूर. ते रक्ताची बाजू सावरून घेतं, त्यामुळे हिमोग्लोबिनचा रिपोर्ट छान येऊ शकतो. इकडे रिपोर्ट घरच्यांच्या ग्रुपवर फिरतो आणि तिकडे नसा खराब होत राहतात.

*

आता दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांनी टाळ्या थांबवाव्यात.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गीय. यांना व्हेगन म्हणून कोणी निवडलं नव्हतं. निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी. आणि शहरी मध्यमवर्गात? ८१ टक्के. ज्याच्या घरी फ्रिज आहे आणि फ्रिजात दुधाची पिशवी आहे, तोच सर्वांत रिता. शाकाहाऱ्यांना कमतरतेचा धोका इतरांच्या ४.४ पट.

असं कसं? हिशेब घरीच करा. अर्धा लिटर दुधात बी-१२ साधारण दोन मायक्रोग्राम. घरात माणसं चार आणि पिशवी अर्ध्या लिटरची. म्हणजे माणशी अर्धा मायक्रोग्राम. त्यातून आल्यागेल्याचा चहा वजा करा, उकळून उकळून जातं ते वजा करा. आपण दूध पीत नाही, आपण चहाचा रंग बदलतो. आणि तुपात तर बी-१२ जवळजवळ नाहीच, कारण ते विरघळतं पाण्यात. तेव्हा पोट्ट्यानं तूप सोडलं म्हणून रडणाऱ्या मायनं डोळे पुसावेत. त्याचं नुकसान झालंच असेल तर चवीचं झालं आहे.

घरातल्या बाबांना साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी रिकाम्या पोटी घ्यायची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर पोटात गेलेलं बी-१२ शोषलं जाणंही कमी होतं. बाबा मात्र जेवताना नातवाला म्हणतात, "दूध सोडून हाडं ठिसूळ करून घेशील, पाह्य!"

*

हाडांबद्दल बाबा अगदीच चूक नाहीत. इंग्लंडात एपिक-ऑक्सफर्ड नावाचा मोठा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे. २०२० मध्ये त्यातून दिसलं की मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत व्हेगन मंडळींत हाड मोडण्याचा धोका ४३ टक्के जास्त. त्याच्या आधी, २०१० मध्ये, त्याच अभ्यासातल्या व्हेगन पुरुषांपैकी ५२ टक्क्यांत बी-१२ ची कमतरता निघाली होती. औषधाच्या दुकानात गोळ्यांची रांग लागलेल्या देशातली ही गोष्ट.

आपल्याकडच्या व्हेगन मंडळींना हे सांगितलं की उत्तरं तयार असतात. "मी स्पिरुलिना घेतो." त्यातलं बहुतेक बी-१२ नकली असतं. ते दिसतं बी-१२ सारखं आणि शरीराच्या कामाचं नसतं. "मी गावाकडची भाजी न धुता खातो." बी-१२ मिळो न मिळो, जंत नक्की मिळतील. "आंबवलेल्या पदार्थांत असतं ना!" त्याच्यावर भरवसा ठेवावा एवढं नसतं. "आपले पूर्वज कुठं गोळ्या घेत होते?" पूर्वज किती वर्षं जगत होते तेही एकदा पाहून घ्या.

खरं उत्तर औषधाच्या दुकानात आहे. बी-१२ ची गोळी कारखान्यात सूक्ष्मजीवांकडूनच करून घेतलेली असते आणि मध्ये गाय नसते, म्हैस नसते. कॅप्सूल असेल तर कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असू शकतं, म्हणून गोळीच मागायची. रक्त तपासायचं, डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवायची आणि विषय संपवायचा. पण गोळी घेतली तर तत्त्व हरल्यासारखं वाटतं म्हणे. आहार 'संपूर्ण' आहे असं पोस्टमध्ये लिहून बसलेलं असतं, आता माघार कशी घ्यायची?

खेड्यातला बुढा याबाबतीत जास्त आधुनिक आहे. तो दवाखान्यात जातो आणि सरळ सांगतो, "सायेब, पायाले मुंग्या येऊन रायल्या. एक लाल सुई मारून द्या ताकदीची." सुईत काय आहे हे त्याला ठाऊक नसतं, पण ती लाली बी-१२ चीच असते.

*

तत्त्व आणि तब्येत यांच्या भांडणाचा मोठा दाखला आपल्या शेजारीच राहून गेला. वर्ध्याजवळ, सेवाग्रामात.

गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. व्हेगन सोसायटी निघायला अजून ३२ वर्षं होती. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फौजेसाठी माणसं जमवत फिरताना ते असे आजारी पडले की मरणाच्या दारातून परत आले. मुंबईच्या डॉ. दलालांनी दूध घ्यायला सांगितलं. पण व्रत होतं! तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली. व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, शेळी कुठं होती? बॅरिस्टर नवऱ्याला बायकोनं कायद्याची पळवाट दाखवली आणि बॅरिस्टरनं ती घेतली. व्रताचा शब्द राहिला, भाव गेला, ही बोचणी त्यांनी आत्मकथेत लपवली नाही. आपल्या आजच्या आहारगुरूंकडून एवढ्या प्रामाणिकपणाची अपेक्षा नाही.

शेळीच्या दुधात बी-१२ गाईच्या दुधापेक्षाही कितीतरी कमी. हे तेव्हा कोणाला कळणार? बी-१२ चे लाल स्फटिक अमेरिकेत आणि इंग्लंडात हाती लागले १९४८ मध्ये, म्हणजे गांधीजी गेले त्याच वर्षी. त्यांच्या काळात गोळी नव्हती म्हणून शेळी होती. तुमच्या काळात गोळी आहे आणि तुम्ही स्पिरुलिना पिता.

*

बी-१२ चं एवढं, मग ड जीवनसत्त्वाचं काय? अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर उड्या मारतो आणि अकोलेकराच्या रिपोर्टात ड कमी निघतं. निघणारच. स्कूटीवरची पोट्टी डोळे सोडून बाकी सगळी स्कार्फात, बुढ्याच्या डोक्या-कानाला दुपट्टा, दुपारी अख्खं गाव कूलरपुढं. सकाळच्या कोवळ्या उन्हाचा सल्ला सगळे देतात, पण कातडीत ड तयार करणारे किरण त्या उन्हात नावालाच असतात. ते येतात दहाच्या पुढे. मे महिन्यात त्या वेळी बाहेर बसा असं सांगणारा सल्लागार नसतो, वारस असतो. हिवाळ्यात बसावं.

मग येते दर आठवड्याची डी-३ ची पुडी. ती बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून केलेली असते, हे व्हेगन पोट्ट्याला सांगितलं की त्याचं तोंड पाहण्यासारखं होतं. त्याच्यासाठी लाइकेनपासून केलेलं डी-३ मिळतं. लाइकेन म्हणजे आपल्या दगडफुलाचा गोतावळा. म्हणून कोणी काळ्या मसाल्यात दगडफूल मुठीनं टाकू नये. ड वाढणार नाही, छातीत जळजळ वाढेल.

दूध, अंडी, मासोळी सोडलेल्या माणसाला आयोडीनसाठी साध्या आयोडीनयुक्त मिठाचाच आधार. तर तो नेमकं तेच मीठ टाकून हिमालयाचं गुलाबी मीठ आणतो. पैसे जास्त देऊन आयोडीन कमी विकत घेण्याची ही कला शिकायला शहरातच जावं लागतं.

आणि लोह. भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व सोबत लागतं. वरूड-मोर्शीची संत्री आपल्या दारात. आपण काय करतो? संत्र्याचा हार पुढाऱ्याच्या गळ्यात घालतो आणि जेवण झाल्या झाल्या चहा पितो, जो ते लोह अडवून धरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्या बायकांनी व्हेगन व्हायचं की नाही यावर कोणी चर्चासत्र भरवलं नव्हतं. घरात सगळ्यात शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला जे उरतं, ते त्या खात होत्या.

*

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आली. ज्या गिरण्यांना आपल्या वऱ्हाडचा कापूस जायचा, तिथं राबणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्ताचं पाणी होत होतं. बाईंनी त्यांना प्रवचन दिलं नाही. साहेबाच्या पावावर लावायचं मार्माइट, म्हणजे यीस्टचा काळपट लगदा, त्यांना खाऊ घातला. बायका सुधारल्या. १९३१ मध्ये ते छापून आलं आणि पुढे त्यातून फोलेटचा शोध लागला. ताटात काय नसावं यावर वाद घालण्यापेक्षा ताटात काय नाही ते पाहिलं की असं होतं. तेही स्वस्तात.

आता परतवाड्याहून घाट चढू. मेळघाटातल्या बालमृत्यूंनी १९९३ मध्ये देश हादरला होता. त्यानंतर किती समित्या, किती दौरे आणि किती कोर्टाच्या तारखा झाल्या, ते सांगायला दुसरं सदर लागेल. धारणी-चिखलदऱ्याचा कोरकू माणूस अंड्याला, कोंबडीला, मासोळीला नाही म्हणत नाही. मिळत नाही म्हणून रोज खात नाही. रोजच्या ताटात ज्वारी, मका, भात, कुटकी, डाळ आणि रानातली भाजी. शरीराच्या हिशेबात हे ताट आणि साईनगरातलं व्हेगन ताट यांत फार अंतर नाही. अंतर आहे ते नावात. साईनगरात त्याला लाइफस्टाइल म्हणतात आणि धारणीत कुपोषण. साईनगरवाल्याला मुंग्या आल्या तर तो संध्याकाळी लॅबमध्ये असतो.

सरकारला हे कळत नाही असं नाही. आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी त्यात लहान लेकरांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं देण्याचं ठरलं. रेशनच्या तांदळात लोह, फोलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळून येऊ लागले. किलोमागं बी-१२ एक मायक्रोग्रामच्या आसपास, पण यायचं. ते दाणे वेगळे दिसायचे, म्हणून आमची माणसं प्लास्टिकचा तांदूळ समजून ते निवडून फेकायची. दाणे तयार करायला पैसा निघाला, दोन वाक्यं समजावून सांगायला माणूस निघाला नाही.

आणि शाळा? नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं ठरलं, न खाणाऱ्याला केळं. एका अंड्यात बी-१२ अर्ध्या मायक्रोग्रामच्या आसपास. आठवड्याला अर्धा मायक्रोग्राम! तेवढ्यानंही काहींचा धर्म धोक्यात आला. केळ्यानं कोणाचं काही धोक्यात येत नाही. केळं गोड असतं, सात्त्विक असतं आणि बी-१२ त्यात शून्य असतं. जानेवारी २०२५ मध्ये नवा आदेश निघाला. अंडं द्यायचंच असेल तर शाळेनं लोकसहभागातून पैसे उभे करावेत, सरकारची थैली त्यासाठी उघडणार नाही. केंद्राच्याच २०१६-१८ च्या पोषण पाहणीत १० ते १९ वयाच्या मुलामुलींपैकी ३१ टक्क्यांत बी-१२ ची कमतरता निघाली होती. पण ती पाहणी काही कोणाच्या भावना दुखावत नाही, त्यामुळे ती कोणी वाचत नाही.

गणपतीला वर्गणी, देवीला वर्गणी, भंडाऱ्याला वर्गणी. आता गुरुजींनी अंड्यासाठी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचं.

ज्यानं वासराची कीव येऊन दूध सोडलं, त्याच्याशी या सदराचं भांडण नाही. पोळ्याला बैलाच्या पाया पडून वर्षभर त्याच्या पाठीवर तुतारी टोचणाऱ्यांपेक्षा तो बरा. तुपावर जगणाऱ्याशी नाही आणि कोंबडीवर ताव मारणाऱ्याशीही नाही. आपापलं ताट आपापल्यापाशी. पण ज्याच्या फ्रिजात सोया दूध आहे, कपाटात गोळ्यांची पट्टी आहे आणि ज्याचं पोट्टं सरकारी शाळेत जात नाही, तो जेव्हा मेळघाटच्या लेकरानं अंडं खावं की नाही यावर सही करायला निघतो, तेव्हा त्याला थांबवून विचारावं लागतं. अंडं नको ना? ठीक. मग त्या लेकराच्या बी-१२ च्या गोळीची वर्षाची वर्गणी इथं ठेवा. पावती मिळेल.